टोप सरकारचा, गाणं कुणाचं?

जून १९३७ मधली गोष्ट. न्यूयॉर्कच्या मॅक्सिन एलियट थिएटरच्या मागच्या दारातून हॉवर्ड डा सिल्व्हा नावाचा एक नट बाहेर पडत होता. दारावरच्या रखवालदारानं त्याला थांबवलं आणि त्याच्या डोक्यावरचा केसांचा टोप काढून घेतला. टोप सरकारी पैशातून आणलेला, तेव्हा ती सरकारी मालमत्ता, थिएटरबाहेर न्यायची नाही. नट बिचारा उघड्या डोक्यानं रस्त्यावर आला. त्याला एका संगीत नाटकात कामगार पुढाऱ्याचं काम करायचं होतं. ते नाटकही टोपासारखंच सरकारी पैशातून उभं राहिलेलं. नेपथ्य आत, कपडे आत आणि दारावर गणवेशातला पहारा.

टोप सरकारचा, हे मला मान्य आहे. पण त्या नटाच्या तोंडी जे गाणं होतं ते कुणाचं? ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, असं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. अनुदान घेऊन सरकारविरुद्ध बोलणाऱ्या नाटकवाल्यांना आजही हीच म्हण ऐकवली जाते, कधी आमदार ऐकवतात, कधी नातेवाईक. ही म्हण तपासायला मला ‘द क्रेडल विल रॉक’ या नाटकाइतकं चांगलं प्रकरण दुसरं माहीत नाही. क्रेडल म्हणजे पाळणा. झाडाच्या शेंड्याला टांगलेला पाळणा वारा सुटला की हलणार आणि फांदी मोडली की खाली येणार, असं इंग्रजीत एक जुनं अंगाईगीत आहे. नाव तिथून घेतलंय. मराठीत तर बाळ झोपवायची वस्तू आणि ते झोपवताना म्हणायचं गाणं, दोन्हीला पाळणाच म्हणतात. हा पाळणा मात्र झोपलेल्यांना उठवण्यासाठी म्हटलेला होता.

आधी ही पोळी कुठून आली ते पाहू. अमेरिकेतली महामंदी म्हणजे काय, हे आपल्याला १९७२ च्या दुष्काळावरून चांगलं समजेल. पाऊस गेला, शेतं गेली, तेव्हा महाराष्ट्रात सरकारनं खडी फोडायची, पाझर तलावांची, रस्त्यांची कामं काढली आणि हजेरीपटावर नाव असेल त्याला मजुरी दिली. अमेरिकेत १९३३ साली दर चार कामगारांमागे एक बेकार होता. रूझवेल्ट सरकारनं १९३५ मध्ये अशीच कामं काढली. त्या खात्याचा प्रमुख हॅरी हॉपकिन्स. गवंड्याला भिंत बांधायला द्यायची तशी नटाला भूमिका द्यावी, वादकाला वाद्य द्यावं, असं त्यानं ठरवलं. कलावंतांवर कसला खर्च करता, असं विचारणाऱ्यांना त्याचं उत्तर असे की इतरांसारखं त्यांनाही पोट आहे. त्यातून ‘फेडरल थिएटर प्रोजेक्ट’ निघाला. तो चालवायला व्हॅसर कॉलेजात नाट्यविषय शिकवणाऱ्या हॅली फ्लॅनागन यांना बोलावलं आणि हॉपकिन्सनं जाहीरपणे शब्द दिला की हे नाटक मोकळं असेल, त्याला सेन्सॉर नसेल.

म्हणजे ही राजाश्रयाची शाल-श्रीफळवाली योजना नव्हती. ही रोजगार हमी होती. बहुतेक सगळा पैसा पगारात जायचा, नेपथ्य-कपड्यांना त्यातला थोडाच वाटा. न्यूयॉर्कमध्ये नटाला आठवड्याला सुमारे २३ डॉलर मिळत. भरात असताना देशभर बारा हजारांहून अधिक माणसं या कामावर होती. त्यांनी शेक्सपिअर केला, सर्कस केली, बाहुल्यांचे खेळ केले, मुलांची नाटकं केली. हार्लेममध्ये सगळे कृष्णवर्णीय नट घेऊन ‘मॅकबेथ’ झाला, त्याचा दिग्दर्शक विशीतला ऑर्सन वेल्स होता, पुढे सिनेमात गाजलेला. राजकीय नाटकं एकूण कामाच्या मानानं थोडीच होती, गाजली मात्र तीच.

‘क्रेडल’ लिहिलं आणि स्वरबद्ध केलं मार्क ब्लिट्झस्टाइननं. फिलाडेल्फियाचा, युरोपात जाऊन शास्त्रशुद्ध संगीत शिकून आलेला हा माणूस. वेश्येवर लिहिलेलं एक गाणं त्यानं जर्मन नाटककार बर्टोल्ट ब्रेख्तला ऐकवलं. ब्रेख्तनं सुचवलं, एवढ्यावर थांबू नकोस. शरीर विकणारी एक बाई दाखवतोस तर लेखणी, धर्म, विद्या, न्याय विकणारेही दाखव. ब्लिट्झस्टाइननं तेच केलं आणि नाटक ब्रेख्तला अर्पण केलं. (याच ब्लिट्झस्टाइननं पुढे १९५४ मध्ये ब्रेख्तचं ‘थ्रीपेनी ऑपेरा’ न्यूयॉर्ककरांच्या इंग्रजीत आणलं, आणि १९७८ मध्ये पु. लं.नी तेच नाटक ‘तीन पैशाचा तमाशा’ म्हणून मराठीत आणलं. म्हणजे आपल्या चुलत्याच्या घरचीच ही गोष्ट आहे म्हणायची.)

नाटक घडतं स्टीलटाउन नावाच्या पोलाद-गावात, रात्रीच्या कोर्टात. गावाचा मालक मिस्टर मिस्टर. कारखाना त्याचा, वर्तमानपत्र त्याचं, चर्च त्याच्या देणगीवर, कॉलेज त्याच्या देणगीवर. युनियनवाल्यांना पकडा, असा हुकूम मिळालेला एक बावळट पोलीस युनियनविरोधी समितीतल्या प्रतिष्ठितांनाच पकडून आणतो, आणि कोर्टात बसल्या बसल्या एकेकाची विक्री कशी झाली ते उलगडत जातं. त्यातला धर्मगुरूचा प्रवेश मला अजून लख्ख वाटतो. मिस्टर मिस्टरची बायको दरवर्षी चर्चला देणगी घेऊन येते. १९१५ साली देणगीसोबत फर्माईश असते की प्रवचनात शांतता सांगा, हत्या पाप आहे असं सांगा. १९१६ मध्ये सूर जरा सैल करायचा. १९१७ मध्ये पोलादाला गिऱ्हाईक मिळालेलं असतं, तेव्हा युद्ध हेच ईश्वराचं कार्य. चर्च तेच, धर्मगुरू तोच, धर्मग्रंथही तोच. संपादक, डॉक्टर, प्राध्यापक, चित्रकार आणि वादक, सगळे याच रांगेतून जातात. डॉक्टरला एवढंच म्हणायचं असतं की यंत्रात सापडलेला कामगार दारू प्यायलेला होता.

थोर नाटक आहे का? मला नाही वाटत. पात्रं म्हणजे सोंगं आहेत. आपल्या वगातला पाटील जसा आल्या आल्या ओळखू येतो, तसा मिस्टर मिस्टरही नावापासूनच ओळखू येतो. कामगार पुढारी लॅरी फोरमन इतका धुतल्या तांदळासारखा आहे की कंटाळा येतो. शेवटी बाहेरून ढोल-बिगुल वाजत युनियनचे लोक येतात आणि मालकांची तंतरते, हेही सोपंच. संगीत मात्र सोपं नाही. बाजारातल्या चालीत मध्येच एखादा खडा लागावा तसा बेसूर येतो, आणि तो मुद्दाम घातलेला असतो. पण नाटक सुमार असतं तरी माझं म्हणणं बदललं नसतं. चांगल्याच नाटकांना स्वातंत्र्य हवं असं म्हणणाऱ्यांनी, चांगलं कोण ठरवणार, तेही सांगावं.

आता वेळ बघा. नाटक लिहिलं गेलं १९३६ मध्ये, पण तालमी चालू असताना बाहेरचं जग नाटकाच्याच अंगावर धावून आलं. मिशिगन राज्यातल्या फ्लिंटला मोटारकामगार कारखान्यात ठाण मांडून बसले आणि जिंकले. सर्वांत मोठ्या पोलाद कंपनीनं मार्च १९३७ मध्ये युनियनशी करार केला, छोट्या कंपन्या अडून बसल्या. ३० मे रोजी शिकागोत रिपब्लिक स्टीलच्या कारखान्याबाहेर पोलिसांनी कामगारांवर गोळ्या झाडल्या, दहाजण मेले. त्यानंतर सतरा दिवसांनी, १६ जूनला, सरकारी पैशानं उभं राहिलेलं पोलाद कामगारांवरचं नाटक उघडायचं होतं.

प्रयोगाच्या काही दिवस आधी वॉशिंग्टनहून परिपत्रक आलं. त्यात नाटकाचं नाव नव्हतं, लेखकाचं नव्हतं, पोलादाचा किंवा युनियनचा उल्लेख नव्हता. खर्चकपात आणि फेररचना चालू असल्यामुळे १ जुलैपूर्वी कोणतंही नवं नाटक, संगीतिका किंवा चित्रप्रदर्शन उघडू नये, एवढंच. देशभरासाठी एकच नियम.

माझा सगळा रोख या कागदावर आहे. तो खोटा नव्हता. कपात खरंच झाली होती, न्यूयॉर्कच्या नाट्यविभागातून शेकडो लोकांना काढून टाकलं जात होतं, त्याविरुद्ध मे महिन्यात कामगारांनी एक दिवस काम बंदही ठेवलं होतं. त्यामुळे आजही काही जण म्हणतात, कसली बंदी, हा तर हिशेबाचा प्रश्न होता. फ्लॅनागनबाईंनी पुढे लिहिलं की हा वेश पालटून आलेला सेन्सॉरच होता. कोण बरोबर? माझं म्हणणं असं की हा वाद सुटूच शकत नाही, आणि तो सुटू नये हेच त्या कागदाचं काम. नावानिशी बंदी आली की कोर्टात जाता येतं, वर्तमानपत्रात लिहिता येतं, बंदी घालणाऱ्याला पुढच्या निवडणुकीत विचारता येतं. खर्चकपातीला कोण काय विचारणार? उलट आपणच कानकोंडे होतो, देश अडचणीत आणि तुम्हाला नाटकाचं पडलंय म्हणून.

हे आपल्याला अनोळखी नाही. काही वर्षांपूर्वी एका जिल्ह्याच्या गावी मी एका कार्यक्रमाला गेलो होतो. सभागृहाच्या दारावर डिंकानं चिकटवलेला कागद: ‘तांत्रिक कारणास्तव आजचा कार्यक्रम रद्द.’ डिंक अजून ओला होता. आत दिवे चालू, पंखे चालू, सतरंजी अंथरलेली. तंत्राचं काय बिघडलं ते शिपायाला माहीत नव्हतं, व्यवस्थापक जेवायला गेले होते आणि ते जेवण संध्याकाळपर्यंत चाललं. कार्यक्रम पुन्हा झाला नाही. बंदी होती असं मी शपथेवर सांगू शकत नाही, आणि नव्हती असं सांगायची त्यांना गरजच पडली नाही. त्या मानानं इंग्रज सरकारचं वागणं सरळ म्हणावं लागेल. खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’तला कीचक म्हणजे कर्झन हे त्यांना कळलं आणि १९१० साली त्यांनी नाटकावर बंदी घातली. अन्याय होता, पण त्याला नाव होतं. प्रयोगाआधी संहिता सरकारच्या परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यायची आपल्याकडची पद्धत मला पटत नाही. तरी त्या नकाराला निदान कागद असतो, ज्याच्याविरुद्ध भांडता येतं. डिंकाच्या कागदाशी कुणी कसं भांडायचं?

१६ जूनच्या संध्याकाळी काय झालं ते पुष्कळांनी सांगितलंय, आणि ते सांगण्यासारखंच आहे. निर्माता जॉन हाउसमन आणि बावीस वर्षांचा दिग्दर्शक वेल्स दिवसभर रिकामं थिएटर शोधत होते. जीन रोझेन्थाल या तरुण सहकारी बाईंनी भाड्यानं एक जुना उभा पियानो मिळवला, पण तो उतरवायचा कुठे हेच ठरेना, म्हणून पियानो ट्रकवर घालून त्या रस्त्यांवर चकरा मारत राहिल्या. शेवटी २१ ब्लॉक वर असलेलं व्हेनिस थिएटर मिळालं. मॅक्सिन एलियटच्या बंद दाराशी तिकिटं घेऊन जमलेले प्रेक्षक मैलभर चालत निघाले, वाटेत आणखी लोक मिळाले, आणि नाट्यगृह भरून वाहिलं.

पण थिएटर मिळूनही घोडं अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. नटांची युनियन, अ‍ॅक्टर्स इक्विटी, म्हणाली की या नाटकाच्या तालमी सरकारी निर्मात्यासाठी झाल्या आहेत, तेव्हा परवानगीशिवाय दुसऱ्या निर्मात्यासाठी आमच्या सभासदांना ते रंगमंचावर करता येणार नाही. वादकांच्या युनियननं वाद्यवृंदासाठी पुऱ्या दराची मागणी केली, ती यांच्या खिशाबाहेरची. युनियनच्या विजयाचं नाटक युनियननंच अडवलं! डाव्या विचाराचे लोक ही कथा सांगताना इथे जरा घाईनं पुढे सरकतात. मी सरकणार नाही. त्या युनियनचं चुकलं असंही मला ठाम म्हणवत नाही. निर्मात्यानं नटाला आज इथे, उद्या तिथे फुकट राबवू नये म्हणून तो नियम होता, आणि नटांनी तो भांडून मिळवला होता. नियम चांगला असतो आणि तरी नेमक्या वेळी चुकीच्या माणसाच्या कामी येतो, हे सहकारी सोसायटीत राहणाऱ्या कुणालाही सांगायला नको.

पळवाट नियमातच होती. ‘रंगमंचावर’ करता येणार नाही ना? मग नट प्रेक्षकांत बसतील आणि आपली वेळ आली की जागेवरून उठून गातील. रंगमंचावर एकटा ब्लिट्झस्टाइन, कारण तो त्या नियमात अडकत नव्हता. तो पियानो वाजवणार, आणि कोण उठतं, कोण नाही, याची खात्री नसल्यामुळे जरूर पडल्यास सगळं नाटक स्वतःच गाणार.

पडदा उघडला. मोकळा मंच, एक पियानो, एक माणूस. पहिलं गाणं मॉलचं, रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या मुलीचं. ब्लिट्झस्टाइननं ते सुरू केलं आणि थोड्याच ओळींत त्याच्या आवाजात दुसरा एक बारीक, कापरा आवाज मिसळला. प्रकाशझोत शोधत शोधत डावीकडच्या खालच्या बॉक्समध्ये गेला. तिथे हिरव्या पोशाखात एक मुलगी उभी होती. ऑलिव्ह स्टँटन. तो थांबला, ती गात राहिली. मग कुणी बाल्कनीतून उठलं, कुणी मधल्या रांगेतून, आणि प्रेक्षक टेनिसचा सामना बघावा तशा माना वळवू लागले.

या कथेचा नायक म्हणून सगळे वेल्सचं नाव घेतात. मला ते खटकतं. वेल्स त्या वेळी रेडिओवर भरपूर कमावत होता. हाउसमनला पुढे सरकारी कामावरून काढलं, वेल्सनं राजीनामा दिला, आणि वर्षाच्या आत दोघांची स्वतःची ‘मर्क्युरी थिएटर’ ही संस्था न्यूयॉर्कभर गाजत होती. बंडाचा त्यांना तोटा झाला नाही, झाला तर फायदाच. ऑलिव्ह स्टँटनचं तसं नव्हतं. ती हजेरीपटावरची नटी होती, तिचं घर आठवड्याच्या त्या सरकारी पगारावर चालायचं. उठली तर उद्या नाव कापलं जाईल, हे तिला माहीत होतं. हायरम शर्मन या तिच्या सहकाऱ्यानं पुढे लिहिलं की ती उठली नसती तर बाकीच्यांना उभं राहायचं धैर्य झालं असतं असं वाटत नाही.

आणि जे उठले नाहीत त्यांचं काय? काही नट आलेच नाहीत, कोरसमधले बरेचसे आले नाहीत. ब्लिट्झस्टाइननं त्यांच्या भूमिका पियानोवर बसल्या बसल्या निभावल्या. या न आलेल्यांना कुणी भित्रे म्हणत असेल तर त्यानं स्वतःच्या घराचा हप्ता एकदा आठवावा. त्यांच्यात विचार नव्हता असं नाही, शिल्लक नव्हती. कलास्वातंत्र्याच्या चर्चा आपण नेहमी संहितेवर करतो, कुठला शब्द कापला, कुठला प्रवेश गाळला. त्या रात्री संहितेतला एक शब्दही कुणी कापला नव्हता. टांगणीला लागला होता तो पगार. म्हणून नाट्यसंस्थांना अनुदान देताना आशयात ढवळाढवळ करणार नाही, एवढं आश्वासन पुरत नाही. हॉपकिन्सनं ते दिलंच होतं. मंजूर झालेलं काम आणि त्यावरच्या माणसांची मजुरी अधेमध्ये कारण न देता थांबवता येणार नाही, थांबवायची तर लेखी, सहीनिशी, आणि प्रयोगाच्या तारखेआधी दाद मागता येईल अशी, हे कलम असल्याशिवाय बाकीची कलमं शोभेची आहेत.

‘पण बंदी आली म्हणूनच तर ते नाटक अमर झालं,’ असं एक चतुर उत्तर यावर हमखास येतं. खरं आहे, वेल्सनं मूळ प्रयोगासाठी प्रकाशमान काचेच्या सरकत्या मंचांचं भारी नेपथ्य केलं होतं. ते कुलपात राहिलं, आणि नुसता पियानो व बसलेले नट हीच त्या नाटकाची रीत ठरली. व्हेनिसला दोन-एक आठवडे प्रयोग झाले, मग १९३८ मध्ये ब्रॉडवेवर शंभरावर प्रयोग झाले, ध्वनिमुद्रिका निघाल्या. १९३९ मध्ये हार्वर्डच्या विद्यार्थ्यांनी ते केलं तेव्हा पियानोवर पुढे मोठा संगीतकार झालेला लेनर्ड बर्नस्टाइन होता. सगळं खरं. पण हे उत्तर देणाऱ्यांना ‘इथिओपिया’ माहीत असतं का? त्याच सरकारी योजनेतलं, मुसोलिनीच्या इथिओपियावरच्या स्वारीवरचं वार्तानाट्य. १९३६ च्या जानेवारीत वॉशिंग्टनहून हुकूम आला की परदेशी राष्ट्रप्रमुख मंचावर दाखवायचे नाहीत. न्यूयॉर्क विभागाचा प्रमुख, नाटककार एल्मर राइस यानं राजीनामा दिला. नाटक पत्रकारांसमोर एकदा झालं आणि संपलं. तिथे पियानोचा ट्रक फिरला नाही. बुडालेल्या होड्यांची मोजदाद न करता तरलेल्या एका होडीवरून वादळाचे आभार मानायचे, असला हा युक्तिवाद आहे.

दुसरं उत्तर जरा वजनाचं आहे. सरकारचा पैसा नकोच, कामगारांनी स्वतःचं नाटक स्वतःच्या पैशानं करावं. तसंही त्याच वर्षी झालं. कपडे शिवणाऱ्या बायकांच्या युनियननं आपल्याच सभासद शिंपिणी, कटर, इस्त्रीवाले घेऊन ‘पिन्स अँड नीडल्स’ नावाचा गाण्यांचा खेळ उभा केला. हजारावर प्रयोग झाले, रूझवेल्टसमोरही झाला. मजेशीर, चिमटे काढणारा, आणि कुणाच्या बापाला न भिणारा. पण एवढ्या मोठ्या युनियन किती धंद्यांत असतात? आणि युनियनच्या पैशावर युनियनलाच चिमटा काढता येतो का? पोळी कुणाचीही खाल्ली तरी टाळीचा प्रश्न सुटत नाही, फक्त पोळी वाढणारा बदलतो.

मग त्या म्हणीचं काय करायचं? म्हणीत पोळी एका धन्याच्या घरची असते. सरकारी पोळीचं पीठ स्टीलटाउनसारख्या गावांतूनच येतं, मिस्टर मिस्टरच्या करातून आणि गोळी खाल्लेल्या कामगाराच्या करातूनही. वॉशिंग्टनचं खातं ती फक्त वाढतं. शिवाय त्या नाटकात रूझवेल्ट सरकारविरुद्ध काही नव्हतंच! युनियन करायचा हक्क त्याच सरकारनं १९३५ च्या कायद्यानं दिला होता. म्हणजे सरकारनं आपल्याच धोरणाच्या बाजूचं नाटक अडवलं. नाटकाची भीती त्याला नव्हती. भीती होती काँग्रेसमधल्या, म्हणजे तिथल्या संसदेतल्या विरोधकांची, जे दरवर्षी या खात्याच्या पैशावर टपून बसलेले असत. आपल्याकडे नाटकावर अवकाळी आलेल्या अडचणी पाहिल्या तर तिथेही बहुधा असंच निघेल. वरच्याला राग आलेला नसतो, मधल्याला तो येईल अशी धास्ती असते.

जे टपून होते ते १९३८ मध्ये उघड पुढे आले. मार्टिन डाइस यांच्या अध्यक्षतेखालच्या काँग्रेस समितीनं फेडरल थिएटर म्हणजे कम्युनिस्टांचा अड्डा असं ठरवूनच चौकशी मांडली. डिसेंबरमध्ये फ्लॅनागनबाईंना बोलावलं. त्यांच्या एका लेखात एलिझाबेथकालीन नाटककार मार्लोचा उल्लेख होता. जो स्टार्न्स या सदस्यानं विचारलं, हा मार्लो कोण, कम्युनिस्ट आहे का? मार्लो १५९३ साली वारला होता. सभागृह हसलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी पुढे लिहून ठेवलंय की त्यांच्या डोक्यात त्या क्षणी एकच गोष्ट होती: समितीच्या या पूर्वग्रहापायी आठ हजार माणसांची नोकरी जाऊ शकते. मार्लोचा किस्सा आपण विनोद म्हणून सांगतो, आणि त्या मात्र हजेरीपट मोजत होत्या.

१९३९ च्या जूनमध्ये काँग्रेसनं बेकारी-मदतीच्या खर्चाच्या कायद्यातच घातलं की नाट्य प्रकल्पावर यातला पैसा वापरता येणार नाही. ३० जूनला रूझवेल्टनं त्यावर सही केली, आणि सगळा प्रकल्प एका रात्रीत बंद झाला. संगीत, चित्रकला आणि लेखनाचे प्रकल्प राज्यांच्या मदतीनं रेटायची सोय तरी होती, नाटकाला तीही नव्हती. हा निर्णय मला दुष्टपणाचा वाटतो. तरी १९३७ चा कागद आणि १९३९ चा कायदा यांत निवड करायला लावली तर मी कायदा निवडीन. विचित्र वाटेल, पण कायद्यावर चर्चा झाली, मतं पडली, कुणी बाजूनं हात वर केला आणि कुणी विरुद्ध, ते नोंदलं गेलं. पैसा देणाऱ्याला पैसा बंद करायचा अधिकार असतोच; त्यानं तो दिवसाढवळ्या वापरावा आणि खाली सही करावी, एवढंच मागणं आहे. १९३७ मध्ये गुन्हा झाला की नाही यावर अजून वाद चालू आहे. १९३९ बद्दल कुणालाच शंका नाही.

नटांनाही ती नव्हती. न्यूयॉर्कच्या रिट्झ थिएटरमध्ये तेव्हा मुलांसाठी ‘पिनोकिओ’ चालू होतं. लाकडी बाहुलीचा शेवटी हाडामांसाचा मुलगा होतो, ही गोष्ट मुलांना पाठ होती. शेवटच्या दिवशी नटांनी शेवट बदलला. पिनोकिओ मुलगा झालाच नाही, पुन्हा लाकडाचा झाला. रंगमंच कामगारांनी पडदा न पाडता, प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत नेपथ्य मोडलं. बाहुली एका पेटीत निजवली, आणि पेटीवर लिहिलेलं होतं: जन्म २३ डिसेंबर १९३८. मारणारा, काँग्रेसचा कायदा, ३० जून १९३९.